एकटी आई आणि देवाने दिलेलं घर

आजचा शास्त्रभाग: स्तोत्रसंहिता 68:5-6



आजच्या वचनांत देव पोरक्यांचा बाप आणि विधवांचा कैवारी आहे. एकट्या पडलेल्यांना तो कुटुंबात वसवतो. हे वाचताना मला पंडिता रमाबाई आठवतात. विदुषी, समाजसुधारक, बायबलच्या अनुवादक म्हणून आपण त्यांना ओळखतोच. आज मला त्यांच्याकडे एक आई म्हणून बघायचंय.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. आई लक्ष्मीबाईंनीच त्यांना संस्कृत शिकवलं. पुढे दुष्काळात आईवडील गेले, 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. 1881 मध्ये मनोरमा झाली आणि ती वर्षाची व्हायच्या आत पटकीने पतीही गेले. वय 23, कडेवर तान्ही लेक, आणि माहेर-सासरचा आधार नाही!

1883 मध्ये त्या लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या सेंट मेरी द व्हर्जिन संघाच्या सिस्टर्सनी दोघींना आसरा दिला. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत होत्या, तेव्हा मनोरमेकडे बघायला सिस्टर्स होत्या. सिस्टर जेराल्डीन तर तिच्या आजीबाईच झाल्या.

सगळं गोडच होतं असं नाही. मुलीला धर्माचं काय आणि कसं शिकवायचं, यावरून रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांचे चांगलेच मतभेद झाले. मदत घेतली म्हणून आईपणाचा हक्क सोडायला रमाबाई तयार नव्हत्या. पण नातं तुटलं नाही. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथेच कामाला लागल्या, तेव्हा मनोरमेला पुन्हा वाँटेजच्या सिस्टर्सनीच सांभाळलं. 1887 मध्ये बोस्टनला वेगवेगळ्या मंडळ्यांतले लोक एकत्र आले आणि त्यांनी रमाबाईंच्या कामाला 10 वर्षं पैसे पुरवायचं ठरवलं. त्यातूनच 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं.

ज्या आईला मंडळीने घर दिलं, तिने पुढे काय केलं बघा. 1897 च्या दुष्काळातून तिने शेकडो मुली आणि विधवा केडगावला आणल्या. 1900 पर्यंत मुक्ती मिशनमध्ये कितीतरी जणींना आसरा मिळाला होता. मनोरमाही मोठी होऊन आईच्याच कामात उतरली. 1921 मध्ये ती आईच्या आधीच प्रभूकडे गेली. त्या दुःखातही रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या.

मित्रांनो, आपल्या मंडळीतही एकटीने मूल वाढवणारी कुणी असेल. पुण्या-मुंबईत नोकरीसाठी आलेलं, आजी-आजोबा जवळ नसलेलं एखादं जोडपंही असेल. उपासनेत बाळ रडलं की त्यांच्याकडे वळून बघणारे खूप असतात. बाळाला दहा मिनिटं कडेवर घेणारे थोडे. या रविवारी तुम्ही त्या थोड्यांपैकी व्हाल का? आणि हो, सल्ले कमी द्या. निर्णय आईबापांना घेऊ द्या, आपण फक्त सोबत राहू या.

आईबाबांनो, मदत मागायला लाजू नका. रमाबाईंसारख्या खंबीर बाईलाही ती लागली!

प्रार्थना: हे पित्या, थकलेल्या आईबापांना बळ दे, आणि आमच्या मंडळीला त्यांचं घर कर. येशूच्या नावाने, आमेन.