गुलामगिरीला चांगली गोष्ट म्हणणाऱ्या नेत्याचं नाव येल विद्यापीठाच्या इमारतीला तब्बल ८४ वर्षं होतं

जून २०१६. अमेरिकेतलं न्यू हेवन शहर. इथल्या जगप्रसिद्ध येल विद्यापीठाच्या एका मेसमध्ये काम करणाऱ्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याने झाडू हातात घेतला आणि त्याच्या दांड्याने रंगीत काचेची एक खिडकी फोडली.

त्या काचेवर चित्र होतं कापूस वाहून नेणाऱ्या गुलामांचं. कामावर आलं की रोज ते चित्र डोळ्यांसमोर. त्या दिवशी त्याला ते सहन झालं नाही.

पोलिसांनी त्याला अटक केली, नोकरीही गेली. पण त्याच्यासाठी विद्यार्थी आणि शहरातले लोक कोर्टाबाहेर जमले. शेवटी गुन्हा मागे घेण्यात आला आणि विद्यापीठाने त्याला पुन्हा कामावर घेतलं.

ज्या इमारतीत हे घडलं तिचं नाव होतं कॅलहून कॉलेज. हे नाव बदला, म्हणून विद्यार्थी आधीपासूनच भांडत होते. पण ज्याच्या नावावरून एवढं रान पेटलं, तो कॅलहून होता तरी कोण?

शेतकऱ्याचं पोर थेट येलमध्ये

जॉन कॅलहून याचा जन्म १८ मार्च १७८२ रोजी साउथ कॅरोलिना राज्यातला. वडील आयर्लंडहून आलेल्या स्थलांतरितांपैकी. घरची शेती होती आणि शेतावर राबायला गुलाम होते. जॉन १४ वर्षांचा व्हायच्या आसपास वडील गेले आणि शाळा सुटून शेतीचा भार त्याच्यावर आला.

पण पोरगं हुशार होतं. पुढे भावांनी मदत केली आणि तो शिकायला उत्तरेत, येलला गेला. १८०४ साली पदवी घेतली, मग कायदा शिकला आणि वकील झाला. १८११ मध्ये नात्यातल्याच फ्लोराइडशी लग्न केलं. ती पैसेवाल्या घरातली होती. त्याच वर्षी तो अमेरिकेच्या संसदेत पोहोचला. वय फक्त २९.

तेव्हाचा कॅलहून आणि नंतरचा कॅलहून ही दोन वेगळी माणसं वाटावीत, इतका त्यांच्यात फरक आहे. सुरुवातीला तो पक्का राष्ट्रवादी होता. १८१२ साली ब्रिटनशी युद्ध व्हावं म्हणून जे तरुण खासदार जोर लावत होते, त्यात हा पुढे. देशाची बँक हवी, देशभर रस्ते आणि कालवे हवेत, केंद्र सरकार मजबूत हवं, अशी त्याची मतं होती. १८१७ ते १८२५ तो युद्धमंत्री होता आणि या काळात त्याने लष्कराची घडी नीट बसवली.

उपराष्ट्राध्यक्ष झाला, पण राष्ट्राध्यक्षाशी बिनसलं

त्याला व्हायचं होतं राष्ट्राध्यक्ष. १८२४ च्या निवडणुकीत गणित जमेना, म्हणून उपराष्ट्राध्यक्षपदावर समाधान मानलं. आधी जॉन क्विन्सी ॲडम्स आणि मग अँड्र्यू जॅक्सन, अशा दोन राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली त्याने हे पद सांभाळलं.

जॅक्सनशी मात्र त्याचं वाजलं. एक कारण अगदी घरगुती होतं. मंत्री जॉन ईटन याची बायको पेगी हिच्या चारित्र्यावरून राजधानीत कुजबुज चालायची. कॅलहूनच्या बायकोने आणि इतर मंत्र्यांच्या बायकांनी तिच्याकडे येणंजाणं बंद केलं. जॅक्सनने पेगीची बाजू घेतली. प्रकरण इतकं चिघळलं की १८३१ मध्ये जवळपास सगळं मंत्रिमंडळच नव्याने बनवावं लागलं. त्यातच, आपण सेनापती असताना फ्लोरिडात सैन्य घुसवलं तेव्हा आपल्यावर कारवाई करा म्हणणाऱ्यांत कॅलहूनच होता, हेही जॅक्सनला समजलं.

खरा तिढा मात्र आयात कराचा होता. १८२८ साली केंद्राने आयात मालावर जबर कर लावला. उत्तरेतल्या कारखान्यांचा त्यात फायदा होता. दक्षिणेतली राज्यं कापूस परदेशात विकायची आणि तिकडचा माल घ्यायची, त्यांना हा कर महागात पडत होता. तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष असतानाच कॅलहूनने नाव न लावता एक निबंध लिहून दिला. त्याचं म्हणणं होतं की केंद्राचा कायदा घटनेविरुद्ध वाटला, तर राज्य तो आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवू शकतं.

१८३२ साली साउथ कॅरोलिनाने खरोखर तसं केलं. जॅक्सनने सैन्य पाठवायची तयारी दाखवली. कॅलहूनने डिसेंबरमध्ये राजीनामा दिला आणि सिनेटमध्ये जाऊन बसला. राजीनामा देणारा तो अमेरिकेचा पहिला उपराष्ट्राध्यक्ष. पुढे कर टप्प्याटप्प्याने कमी करण्यावर तडजोड झाली आणि युद्ध टळलं.

गुलामगिरीचा वकील

पण भांडण कराचं असलं तरी त्याच्या मुळाशी गुलामगिरी होती. केंद्र आज कर लादतंय, उद्या गुलाम सोडायला लावेल, ही दक्षिणेतल्या जमीनदारांची धास्ती होती.

तोवर अनेक दक्षिणी नेते गुलामगिरीला नाइलाज म्हणून खपवून घ्यायचे. वाईट आहे, पण करणार काय, असा सूर असायचा. ६ फेब्रुवारी १८३७ रोजी सिनेटमधल्या भाषणात कॅलहूनने हा सूरच बदलला. गुलामगिरी हे पाप नाही, गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या दोघांच्याही हिताची ती चांगली गोष्ट आहे, असं त्याने मांडलं. हे मत पुढे दक्षिणेचं अधिकृत तत्त्वज्ञानच बनलं.

हे नुसतं भाषणापुरतं नव्हतं. फोर्ट हिल नावाच्या त्याच्या मळ्यावर कित्येक गुलाम राबत होते. १८३१ मध्ये ॲलेक नावाचा गुलाम तिथून पळाला आणि पकडला गेला. तेव्हा कॅलहूनने पत्र लिहून कळवलं, की त्याला आठवडाभर तुरुंगात पाव-पाण्यावर ठेवा, ३० फटके मारा आणि मग परत पाठवा.

१८४४ मध्ये तो परराष्ट्रमंत्री झाला. टेक्सास अमेरिकेत घ्यावं म्हणून ब्रिटनच्या दूताला लिहिलेल्या पत्रात त्याने गुलामगिरीचं समर्थन केलं. आधार दिला १८४० च्या जनगणनेचा. स्वतंत्र असलेल्या काळ्यांमध्ये वेडाचं प्रमाण जास्त दिसतं, म्हणजे स्वातंत्र्य त्यांना झेपत नाही, असा त्याचा दावा होता. गंमत म्हणजे ते आकडेच चुकीचे होते. काही गावांत तर राहणाऱ्या काळ्यांपेक्षा वेड्या काळ्यांची संख्या जास्त लिहिली गेली होती. एका डॉक्टरने ही चूक दाखवून दिली, पण कॅलहून मागे हटला नाही.

म्हणजे तेव्हा सगळेच असा विचार करायचे, असंही नव्हतं. ज्या ॲडम्सच्या हाताखाली त्याने काम केलं, तोच माजी राष्ट्राध्यक्ष संसदेत गुलामगिरीविरोधी अर्ज स्वीकारले जावेत म्हणून वर्षानुवर्षं लढत होता.

४ मार्च १८५० रोजी कॅलहून सिनेटमध्ये शेवटचं भाषण घेऊन आला. क्षयरोगाने इतका खंगला होता की स्वतः वाचवेना. अंगाभोवती झगा गुंडाळून तो बसून राहिला आणि दुसऱ्या सिनेटरने भाषण वाचलं. ३१ मार्चला तो वारला. वय ६८. दहा वर्षांनी साउथ कॅरोलिना देशातून फुटून निघणारं पहिलं राज्य ठरलं आणि १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. फुटलेल्या राज्यांनी आपल्या नोटांवर कॅलहूनचं चित्र छापलं.

मग येलने त्याचं नाव का दिलं?

कारण येलसाठी तो मोठ्ठा माजी विद्यार्थी होता. उपराष्ट्राध्यक्ष, मंत्री, सिनेटर, राज्यघटनेचा अभ्यासक. १९३३ मध्ये विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची नवी कॉलेजं सुरू झाली, त्यातल्या एकाला त्याचं नाव मिळालं. काचांवर त्याच्या आयुष्यातली दृश्यं रंगवली गेली. एका काचेत तर साखळदंडातला काळा माणूस त्याच्यापुढे गुडघे टेकून होता. विद्यार्थ्यांच्या विरोधानंतर १९९० च्या दशकात ती आकृती काढण्यात आली. नाव मात्र तसंच राहिलं.

जून २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या एका चर्चमध्ये वर्णद्वेषी तरुणाने ९ कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. ते चर्च ज्या रस्त्यावर आहे, त्याचं नाव कॅलहून स्ट्रीट. त्यानंतर येलमध्ये नाव बदलण्यासाठी सह्यांची मोहीम सुरू झाली, मोर्चे निघाले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं म्हणणं साधं होतं. जो माणूस आम्हाला माणूसच मानत नव्हता, त्याच्या नावाच्या घरात आम्ही का राहायचं?

एप्रिल २०१६ मध्ये विद्यापीठाने नाव कायम ठेवलं. नाव पुसलं तर इतिहास लपवल्यासारखं होईल, असं कारण दिलं. विद्यार्थी भडकले. जूनमध्ये ती काच फुटली. ऑगस्टमध्ये विद्यापीठाने समिती नेमली.

या समितीने सरसकट नावं बदला असं म्हटलं नाही. उलट, शक्यतो नाव बदलू नये असंच सांगितलं. पण काही प्रश्न विचारायला लावले. त्या माणसाच्या वारशाचा मुख्य भाग विद्यापीठाच्या ध्येयाशी विसंगत आहे का? त्याच्या हयातीत त्याला विरोध होता का? नाव देताना काय विचार होता? आणि विद्यार्थ्यांना एकत्र आणण्यात त्या इमारतीचा वाटा किती?

कॅलहून या कसोटीवर टिकला नाही. इतर अनेक मोठ्या माणसांकडेही गुलाम होते, पण त्यांची ओळख दुसऱ्या कामाने आहे. कॅलहूनचं आयुष्यभराचं कामच गुलामगिरी वाचवणं हे ठरलं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये निर्णय झाला. कॉलेजला ग्रेस हॉपर यांचं नाव मिळालं. येलमधूनच गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या, कॉम्प्युटरला माणसाच्या भाषेजवळ आणणाऱ्या आणि नौदलात रिअर ॲडमिरल झालेल्या हॉपर.

आता राहिला येल या नावाचाच प्रश्न. ज्याच्या देणगीमुळे १७१८ मध्ये हे नाव पडलं, तो एलिहू येल ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर होता आणि त्याच्या काळात मद्रासच्या बंदरातून गुलामांचा व्यापार चालायचा. गुलामगिरीशी असलेल्या आपल्या संबंधांबद्दल विद्यापीठाने २०२४ मध्ये जाहीर माफी मागितली. एलिहूचं नाव मात्र अजूनही तसंच आहे.