लक्ष्मीबाई टिळक : एकाच घरात दोन धर्म, तरी संसार कसा टिकला?

ख्रिस्ती शिकवणीत परतफेडीची अपेक्षा न ठेवता केलेल्या प्रेमाला ‘अगापे’ हा ग्रीक शब्द आहे. रोजच्या नात्यांत हे प्रेम कसे दिसते, याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक यांचे आयुष्य.

सुरुवात कशी झाली?
लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. १८८०मध्ये त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळक कवी होते, पण तापट होते आणि पैसा त्यांच्या हातात टिकत नसे. शाळा न पाहिलेल्या लक्ष्मीबाई त्यांच्याकडूनच लिहायला-वाचायला शिकल्या.

१८९५मध्ये काय घडले?
१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंसाठी हा मोठा आघात होता. त्या काळी धर्म बदललेल्या माणसाशी नातेवाईक आणि जातभाई संबंध तोडत. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षे नातेवाइकांकडे राहिल्या. दुःख आणि राग दोन्ही होते, पण पतीशी नाते त्यांनी तोडले नाही.

पुन्हा एकत्र कशा आल्या?
त्या परतल्या, तेव्हा हिंदूच होत्या. स्वयंपाक, पाणी, भांडी वेगळी ठेवून त्या पतीजवळ राहू लागल्या. आपला धर्म स्वीकारावा, अशी अट त्यासाठी टिळकांनी घातली नाही. दोघांनाही थोडे सोसावे लागले : त्यांना आपल्याच घरात परके ठरणे, तिला शेजाऱ्यांचे आणि नातलगांचे बोलणे.

बदल कुठून आला?
आधी बदलला तो जातीविषयीचा विचार. माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही, असे त्यांना पटले आणि त्यांनी कुणाच्याही हातचे खाणे-पिणे सुरू केले. सोवळ्यात वाढलेल्या बाईसाठी ही छोटी गोष्ट नव्हती. त्यानंतर १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे नगर, राहुरी भागात राहताना आईबाप नसलेल्या मुलांनाही त्यांच्या घरात आसरा मिळाला. कधी काळी ज्यांची सावलीही टाळली असती, अशांना जेवू घालणे हे त्यांचे रोजचे काम झाले.

शेवटपर्यंत काय केले?
१९१७मध्ये टिळकांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. पगार बंद झाला, तरी घर चालवायचेच होते. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी साठहून अधिक अध्याय लिहून ते पुढे नेले. १९३४पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

आज का वाचायचे?
‘स्मृतिचित्रे’त पतीचे दोष लपवलेले नाहीत आणि त्यांचे भांडवलही केलेले नाही. भांडणे, अबोले, फसलेले बेत सगळे हसत सांगितले आहे. निःस्वार्थ प्रेम म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. समोरच्याचे चुकते आहे हे स्पष्ट सांगायचे, त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचे आणि तरी त्याच्यासाठी दार उघडे ठेवायचे. त्यांच्या संसारात हे दोन्ही बाजूंनी घडले, म्हणून तो टिकला.