गांधीजींचे अक्षर

ओपीडीत अधूनमधून एखादी आई मुलाची वही घेऊन येते. वहीत खाडाखोड, रेघ सोडून घसरलेली अक्षरे, समासात बाईंचा लाल शेरा. तोंडी विचारले तर मुलाला सगळे येत असते. अशा पालकांना मी राजकोटच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म १८६९चा, पोरबंदरचा, हायस्कूल राजकोटला. मुलगा इतका लाजाळू की शाळा सुटताच घरी पळायचा. हायस्कूलच्या पहिल्याच वर्षी जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर आले आणि त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला घातले. मोहनदासचे ‘केटल’ चुकले. बाकी वर्गाचे सगळे बरोबर. शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवून घे, असे शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावलेलेही त्याला उमगले नाही. याच मुलाला पुढे पाचवी-सहावीत चार आणि दहा रुपयांच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या. अवघड वाटणारी भूमिती युक्लिडच्या तेराव्या प्रमेयाशी येताच सोपी झाली.

हेडमास्तर दोराबजी एदलजी गिमी यांनी वरच्या वर्गांना कसरत सक्तीची केली होती. मोहनदासला ती नकोशी, शिवाय आजारी वडिलांची सेवा करायची असे. एका शनिवारी आभाळ भरून आल्याने वेळेचा अंदाज चुकला. तो पोहोचला तेव्हा सगळे निघून गेले होते. खरे कारण सांगूनही विश्वास बसला नाही, वर दंड झाला. खोटारडा ठरल्याचे त्याला फार लागले. शेवटी, शाळा सुटल्यावर मुलगा मला घरी हवा आहे, असे वडिलांनी स्वतः हेडमास्तरांना लिहिले आणि सूट मिळाली. सवलतीसाठी पालकाने लिहिलेले पत्र म्हणतात ते हेच.

अक्षराकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. सुवाच्य अक्षर हा शिक्षणाचा भाग आहे, असे खुद्द मोहनदासलाही वाटत नव्हते. दक्षिण आफ्रिकेत वकिलांची आणि तिथल्या शिकलेल्या तरुणांची सुंदर अक्षरे पाहून त्यांना शरम वाटली. सुधारायचा प्रयत्न केला, पण वेळ निघून गेली होती. वाईट अक्षर म्हणजे अपुरे शिक्षण, असे ते मानू लागले. इथे डॉक्टर म्हणून माझे त्यांच्याशी जमत नाही. मुलांना आधी चित्रकला आणि मग अक्षरे शिकवावीत, हे त्यांचे मत मात्र पटते. आजचे ऑक्युपेशनल थेरपिस्टही रेषा आणि आकारांपासूनच सुरुवात करतात.

लिहिणे काही थांबले नाही. १९०९मध्ये लंडनहून परतताना ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर त्यांनी दहा दिवसांत ‘हिंद स्वराज’ लिहिले. उजवा हात थकला की डाव्याने. २७५ पानांपैकी सुमारे ४० पाने डाव्या हाताची आहेत. १९१७पासून सुवाच्य अक्षराचे महादेवभाई देसाई सोबत होते. गांधीजी सांगत, ते लिहून घेत. परीक्षेच्या भाषेत, लेखनिक.

गांधीजींना डिसग्राफिया होता, असे मी म्हणणार नाही. जुन्या पत्रांवरून निदान होत नसते. पण ज्या मुलांना तो असतो, त्यांची बरीचशी शक्ती अक्षराचे वळण आठवण्यात आणि बोटे आवरण्यातच खर्च होते. उत्तर डोक्यात तयार असते, कागदावर पोहोचत नाही. शंभर वेळा लिहायला लावून ते पोहोचत नाही. बोटे दुखतात आणि शाळा नकोशी होते.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाले की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मागता येतो. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत जादा वेळ तासाला किमान वीस मिनिटे आहे. फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी छापील टिपणे देणे, तोंडी उत्तर घेणे, टंकलेखन करू देणे, यासाठी तर वर्गशिक्षकांची तयारी पुरते. पत्र पालकांनी लिहायचे, सोबत वहीची चार पाने जोडायची. बहुतेक पालक दहावीच्या डिसेंबरात धावत येतात. तपासण्यांना अनेक फेऱ्या लागतात, बोर्डाकडचा अर्ज शाळेमार्फत जातो. पाचवी-सहावीतच या.