एका मुलीचे पाय आणि हजारोंची वाट

पोलिओचे थेंब तोंडात पडले की बाळ तोंड वाकडे करते आणि आई त्याला कडेवर घेऊन घरी परतते. दापोली तालुक्यातल्या केळशीत काय किंवा मुंबईत काय, आज हा डोस घराजवळच मिळतो. १९४०च्या दशकात मात्र लस नव्हती. मुलाचा पाय लुळा पडला, तर केळशीसारख्या गावातले आईवडील नवस बोलत, तेल चोळत. हर्णै बंदरातून बोटीने मुंबई गाठली, तरी तिथेही अशा मुलांसाठी खास सोय जवळपास नव्हतीच. ती उभी करण्यात पुढाकार घेतला तो फातिमा इस्माईल यांनी.

फातिमाबाईंचा जन्म १९०३चा. मुंबईचे गिरणीमालक आणि गांधीजींचे सहकारी उमर सोभानी हे त्यांचे भाऊ. स्वातंत्र्यलढा घरातच होता. १९४२च्या आंदोलनात त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसराही दिला. पुढे त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला आणि आयुष्याची दिशाच बदलली.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या पेशी मारतो. स्नायू दुबळे पडतात. बुद्धीला मात्र धक्का लागत नाही, स्पर्शही कळतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण नियमित व्यायाम, योग्य आधारपट्ट्या आणि गरजेप्रमाणे शस्त्रक्रिया मिळाली, तर उरलेली ताकद वाढवता येते, सांधे आखडणे टाळता येते. हे उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि त्यासाठी शिकलेली माणसे लागतात. तेव्हा आपल्याकडे तीच फार कमी होती.

फातिमाबाई मुलीला घेऊन मद्रासला अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे गेल्या. तिथे काही महिने उपचार झाले. नंतर पुण्यात, जखमी सैनिकांना पुन्हा उभे करणाऱ्या लष्करी केंद्रात त्यांनी मुलीसाठी मदत मिळवली. मुलगी सुधारू लागली. ज्यांच्याकडे एवढा पैसा नाही आणि ओळखीही नाहीत, त्यांच्या मुलांचे काय, हा प्रश्न आता त्यांना गप्प बसू देईना.

मे १९४७ मध्ये मुंबईत चौपाटीजवळ त्यांनी दवाखाना सुरू केला. त्यासाठी नामवंत शल्यचिकित्सक डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी आपली जागा दिली. अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था स्थापन झाली आणि १९५०च्या दशकात हाजीअलीला मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. त्याच काळात, १९५३ मध्ये, केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षणही सुरू झाले.

पण पाय सरळ झाला म्हणजे काम संपले, असे फातिमाबाईंनी कधी मानले नाही. मूल चालू लागले, तरी शाळेने दार उघडले नाही आणि मोठेपणी कोणी नोकरी दिली नाही, तर ते घरातच बसून राहणार. म्हणून अपंग प्रौढांसाठी हाजीअलीलाच कार्यशाळा उभारण्यात त्या पुढे होत्या. तिथे लोक सुतारकाम, हातछपाई अशी कामे शिकून मजुरी मिळवू लागले. दयेच्या नाण्यापेक्षा कष्टाच्या पगाराने माणसाचे घरातले स्थान बदलते. १९५८ मध्ये फातिमाबाईंना पद्मश्री मिळाली आणि १९७८ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

लसीमुळे २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. अपंगत्व मात्र संपलेले नाही; अपघात, मेंदूचा पक्षाघात, अंधत्व, बहिरेपण आहेच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून, लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. हा हक्क कागदावरून गावात उतरायचा, तर शाळेला उतार हवा, शौचालयात चाकाची खुर्ची जायला हवी आणि एसटीत चढताना हात द्यायला कोणीतरी हवे. घरात असे मूल असेल, तर ते बरे होण्याची वाट पाहत शाळा लांबवू नये. उपचार आणि शाळा दोन्ही बरोबरच चालायला हवेत.