जांबचा नारायण

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावी इ. स. १६०८ मध्ये, रामनवमीच्या दिवशी, सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई या दांपत्याच्या पोटी एक पुत्र जन्मास आला. त्याचे नाव नारायण. हाच नारायण पुढे समर्थ रामदासस्वामी या नावाने सर्व महाराष्ट्राला वंदनीय झाला.

त्या काळी खेडोपाडी भुताखेतांचे मोठे भय असे. दिवस मावळला की, जुन्या पिंपळाखालून जाण्यास मोठी माणसेही कचरत. घरात दुखणे आले, तर वैद्याआधी देवऋषी बोलावला जाई. अशा वातावरणात वाढूनही नारायण मात्र विलक्षण धीट होता. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले होते. वडील बंधू गंगाधरपंत व माता राणूबाई त्याचा सांभाळ करीत. एके दिवशी नारायण कोठेच दिसेना. शोधता शोधता तो घरातील अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत एकटाच विचारमग्न बसलेला आढळला. येथे काय करतोस, असे आईने विचारताच, आपण साऱ्या जगाची काळजी वाहत आहोत, असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. ज्या अंधाराला इतर मुले भीत, तोच अंधार त्याला एकांतासाठी प्रिय वाटे.

बाराव्या वर्षी आईच्या आग्रहास्तव नारायण बोहल्यावर उभा राहिला. मंगलाष्टकांतील सावधान हा शब्द कानी पडताच तो खरोखरच सावध झाला आणि लग्नमंडपातून निघून गेला, अशी कथा प्रसिद्ध आहे. नाशिकजवळ टाकळी येथे त्याने बारा वर्षे तप केले. पहाटे नदीच्या पात्रात उभे राहून जप करावा, माधुकरी मागावी आणि उरलेला वेळ ग्रंथांच्या अभ्यासात घालवावा, असा त्याचा नित्यक्रम होता. समर्थांच्या हातची वाल्मीकिरामायणाची प्रत धुळे येथील श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहे.

यानंतर आणखी बारा वर्षे समर्थ भारतभर पायी हिंडले. इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला होता. त्यात होरपळलेली गावे, परचक्राने गांजलेली रयत आणि भयाने खचलेली मने त्यांनी जवळून पाहिली.

इकडे जांबेत राणूबाई पुत्राची वाट पाहत होत्या. रडून रडून त्यांची दृष्टी गेली होती. चोवीस वर्षांनी एक गोसावी दारी भिक्षेसाठी उभा राहिला. त्याचा आवाज ऐकताच अंध मातेने आपला नारायण ओळखला. समर्थांनी तिच्या डोळ्यांवरून हात फिरविला आणि तिला दिसू लागले, अशी आख्यायिका आहे. माता आनंदली, पण लगेच तिच्या मनात शंका आली. घर सोडून गेलेल्या मुलाच्या अंगी असे सामर्थ्य कोठून आले? एखादे भूत तर त्याने वश केले नाही ना? तिने भीत भीत त्याला तसे विचारले.

समर्थ हसले नाहीत, की रागावलेही नाहीत. भूत या शब्दाचा दुसरा अर्थ प्राणिमात्र असा आहे. तो धरून त्यांनी एका अभंगातून आईला उत्तर दिले. आपल्याला भूत लागले आहे खरे. पण ते अयोध्येत कौसल्येच्या पोटी अवतरले आणि सर्व भूतांच्या अंतरी वसते, त्याचेच नाव राम, असा त्या उत्तराचा आशय होता. आईला भय वाटत होते तो शब्दच त्यांनी तिच्या समाधानाचा करून टाकला.

इ. स. १६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णाकाठी आले. चाफळला त्यांनी राममंदिर उभारले आणि त्या परिसरात अकरा मारुती स्थापिले. शक्तीचे हे दैवत पाहून तरुणांनी शरीर कमवावे व मनातील भय टाकावे, अशी त्यांची इच्छा होती. आपल्या काळातील लोकांप्रमाणे त्यांच्या स्तोत्रांतही भूतप्रेतांचा उल्लेख येतो. परंतु तेथे भुते पळतात, भक्त पळत नाही.

दासबोध हा समर्थांचा मुख्य ग्रंथ. त्यात वीस दशक व दोनशे समास आहेत. चेटूक, साबरी मंत्र आणि नाना चमत्कार दाखवून लोकांना भुलविणाऱ्यांना खरे सद्गुरू मानू नये, असे त्यात स्पष्ट बजावले आहे. दहाव्या दशकात तर भ्रमावर एक संपूर्ण समास आहे. काहीच नसता दचकणे हा भ्रम. मेलेले माणूस स्वप्नात येऊन काही मागून गेले आणि तेच मनात घर करून बसले, तर तोही भ्रमच, असे तेथे सांगितले आहे. कोणतीही गोष्ट विवेकाने पारखावी व स्वतःच्या प्रचीतीस उतरल्यावाचून मानू नये, हा समर्थांचा आग्रह होता.

ग्रंथांनाही त्यांनी हीच कसोटी लावली. ज्याच्या श्रवणाने धैर्य वाढते व हातून परोपकार घडतो, त्यालाच ते ग्रंथ म्हणत. मंत्रतंत्राच्या आणि भुताखेतांच्या पोथ्या तेव्हाही होत्या, आजही आहेत. अशी एखादी पोथी वाचून रात्री अंगणात जाण्याचे भय वाटू लागले, तर ती या कसोटीस उतरत नाही, हे सांगण्यास वेगळा पंडित नको.

इ. स. १६८२ मध्ये सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला. अंधाऱ्या खोलीत निर्भयपणे बसणाऱ्या जांबच्या त्या बालकाने जन्मभर इतरांच्या मनातील अंधार दूर केला.