कांपालच्या बागेतले गोमिश

कला अकादमीत नाटकाला जाणारी आपल्या मंडळातली माणसे कांपालच्या बागेत थोडी तरी टेकतात. तिसऱ्या घंटेला अवकाश असतो, जुन्या झाडांची दाट सावली असते, मांडवीवरून वारा येत असतो. आम्हीही वर्षानुवर्षे तिथे बसत आलो. गेल्या वर्षी स्पर्धेच्या प्रयोगाआधी आमच्यातल्या एकाच्या मुलीने बागेतल्या पुतळ्याकडे बोट दाखवून हा कोण, असे विचारले. कोट-पाटलोण पाहून एकाने सांगितले, असेल कोणी पोर्तुगीज गव्हर्नर. बाकीच्यांनी माना डोलावल्या. आम्ही सगळे गोव्यातच जन्मलेलो, निम्मे तर सरकारी नोकरीत. त्या बागेवरून रोज जाणारे.

तो गव्हर्नर नव्हे. सासष्टीतल्या नावेली गावचे डॉ. फ्रान्सिस्कु लुईस गोमिश. जन्म ३१ मे १८२९. बागेलाही त्यांचेच नाव आहे, आणि दक्षिण गोव्याच्या जिल्हा ग्रंथालयालाही. हे कळल्यावर आम्हाला मनातून लाज वाटली. मग मिळेल ते वाचून काढले.

शिक्षणाने ते डॉक्टर. पणजीच्या वैद्यकीय शाळेत शिकले आणि लष्करात शल्यवैद्य म्हणून लागले. पण मन इतिहासात, अर्थशास्त्रात आणि भाषांत. कोकणी घरची, पोर्तुगीज शिक्षणाची. फ्रेंच तर इतकी कमावली की पुढे त्या भाषेत ग्रंथ लिहिले. १८६० साली गोव्याचे प्रतिनिधी म्हणून ते पोर्तुगालच्या संसदेवर निवडून आले. वय एकतीस. तिथे पोचताच, जानेवारी १८६१ मध्ये, त्यांना उभे राहावे लागले ते एका फार मूळच्या प्रश्नावर. समुद्रापलीकडच्या प्रांतांना संसदेत प्रतिनिधी असावेतच कशाला, असा सूर सभागृहात निघाला होता. गोमिश यांनी त्याला विरोध केला. लिस्बनचा नागरिक आणि गोव्याचा नागरिक यांत राज्यघटना भेद करत नाही, हा त्यांचा मुद्दा. परक्या राजधानीत, पहिल्याच भाषणात, राज्यकर्त्यांना त्यांच्याच कायद्याचे पुस्तक दाखवणे सोपे नसते. आम्ही कचेरीत साध्या टिपणीवर वेगळे मत लिहिताना दहा वेळा विचार करतो.

त्याच महिन्यात त्यांनी फ्रेंच कवी लामार्तीन यांना पत्र लिहिले. त्यात महाभारत आणि बुद्धिबळ यांचा वारसा त्यांनी अभिमानाने आपला म्हटला आणि आपल्या भारतभूमीसाठी स्वातंत्र्य मागितले. काँग्रेसची स्थापना व्हायला तेव्हा अजून चोवीस वर्षे होती. धर्माने ख्रिस्ती, पोशाखाने युरोपियन, आणि महाभारत आपले म्हणणारा हा माणूस! आम्ही मात्र त्याला कोटावरून परका ठरवून मोकळे झालो होतो.

१८६२ मध्ये गोव्यातल्या जमिनीवर आणि शेतीच्या अर्थकारणावर त्यांचे पुस्तक आले, १८६७ मध्ये अर्थशास्त्रावर फ्रेंच ग्रंथ, १८६९ मध्ये पोंबालच्या मार्किसचे चरित्र. पण नाव टिकले ते १८६६ मध्ये लिस्बनला छापलेल्या ‘ओश ब्राह्मनिश’ म्हणजे ‘ब्राह्मण’ या कादंबरीने. गोव्याच्या माणसाने लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. गंमत म्हणजे ती गोव्यात घडतच नाही. घडते उत्तरेत, फैजाबादला, १८५७ च्या उठावाच्या काळात. मग्नोद नावाचा ब्राह्मण एका आयरिश साहेबाच्या घरी चाकरीला राहतो, अपमान गिळतो आणि सूडाला पेटतो. शीर्षकातली मेख अशी, की ब्राह्मण केवळ जानवेवाले नव्हेत. कातडीच्या रंगावर स्वतःला वरचे मानणारे गोरेही एक जातच आहेत. कथानकात योगायोग पुष्कळ आणि पात्रे भाषणे फार करतात. सगळ्यावर उपाय म्हणून गोमिश ख्रिस्ती समतेकडे पाहतात, ते आपल्या घरांतून सगळ्यांना पटेल असे नाही. पण जात आणि गोऱ्यांचे राज्य यांना एकाच तागडीत घालणे, तेही १८६६ साली, हे आम्हाला थक्क करणारे वाटले. आमच्या आजोबांची पिढी लिसेंवात शिकलेली, तिला ही कादंबरी मुळातून वाचता आली असती. आमच्या पिढीला पोर्तुगीज सही करण्यापुरतीही येत नाही.

लिस्बनमध्ये त्यांना क्षयाने गाठले. १८६९ मध्ये ते गोव्याला यायला निघाले. घर गाठता आले नाही. ३० सप्टेंबरला बोटीवरच ते गेले आणि देह समुद्राला दिला गेला. वय चाळीस.

म्हणजे नावेलीत त्यांची कबर नाही, लिस्बनमध्येही नाही. जाऊन उभे राहायचे तर कांपालचीच बाग.

यंदा ३१ मे रोजी आम्ही चौघेजण तिथे गेलो. ती मुलगीही आली. घरच्या चाफ्याची फुले तिने पुडीत बांधून आणली होती, उन्हाने थोडी मलूल झालेली. पायथ्यावरचा पालापाचोळा तिने हातानेच बाजूला केला आणि फुले ठेवली. बाग झाडणारे काका झाडू थांबवून पाहत होते. हे कोण, असे त्यांनी आम्हाला विचारले. आम्ही तिच्याकडे पाहिले आणि ती सांगू लागली.