बाबासाहेब आणि नोकरीचा प्रश्न



आपल्या वस्तीतली पोरं ग्रॅज्युएट झाली की घरात एकच चर्चा असते. सरकारी परीक्षा द्यायच्या की मिळेल त्या कंपनीत चिकटायचं? आई म्हणते सरकारी बरी, पोरगा म्हणतो कंपनीत पगार जास्त. विहाराच्या वर्धापनदिनी या निमित्ताने परमपूज्य बाबासाहेबांच्या जीवनाकडे पाहावे असे मला वाटते. कारण हा प्रश्न त्यांच्याही पुढे आला होता, आणि एकदा नव्हे, अनेकदा.

बाबासाहेब बी.ए. झाले अन् जानेवारी 1913 मध्ये बडोदा संस्थानात नोकरीला गेले. थोड्याच दिवसांत सुभेदार रामजीबाबा आजारी पडले, 2 फेब्रुवारीला वारले. पुढे सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन त्यांना अमेरिकेला पाठविले. करार असा होता की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची. कोलंबिया विद्यापीठात एम.ए. करून, लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून ते 1917 मध्ये परतले आणि शब्द पाळण्यासाठी बडोद्याला गेले.

तिथे काय झाले? हुद्दा मोठा, पण कचेरीतले शिपाई विटाळाच्या भीतीने फाईली लांबून टेबलावर फेकीत. प्यायला पाणी नाही. राहायला जागा कोणी देईना, म्हणून एका पारशी वसतिगृहात नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. सामान उचलून बाबासाहेब बाहेर पडले, बागेत एका झाडाखाली बसले, आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत आले. एवढा शिकलेला माणूस, सरकारी अधिकारी, अन् त्याला शहरात एक खोली मिळू नये!

मग त्यांनी खाजगी धंदा करून पाहिला. शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याची कचेरी काढली. गिऱ्हाईक येऊ लागले, पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर यायचे बंद झाले. म्हणजे जात सरकारी कचेरीतही होती आणि बाजारातही होती.

नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम या सरकारी कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पगार 450 रुपये, त्या काळी मोठी रक्कम. तिथेही स्टाफरूममधल्या पाण्याच्या माठावरून कुरकुर झालीच. पण बाबासाहेबांनी या पगारात बंगला घेतला नाही. परळच्या बी.आय.टी. चाळीत काटकसरीने राहिले. माता रमाईने त्या तुटपुंज्या खर्चात संसार ओढला. शिल्लक जमली तसा 1920 मध्ये राजीनामा दिला आणि शाहू महाराजांची व मित्र नवल भथेना यांची मदत घेऊन पुन्हा लंडन गाठले. बॅरिस्टर झाले, 1923 मध्ये डी.एस्सी. झाले.

परत आल्यावर त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. जिल्हा न्यायाधीशाची जागा सरकारने देऊ केली होती, असे बाबासाहेबांनी पुढे स्वतः सांगितले आहे. ती त्यांनी घेतली नाही. वकिलीत तेव्हा काय मिळत होते? सॉलिसिटर त्यांच्याकडे कामे द्यायला कचरत. घर चालवायला 1925 पासून बाटलीबॉय यांच्या खाजगी अकाउंटन्सी संस्थेत शिकवावे लागले. तरी न्यायाधीशाची खुर्ची नको म्हटली. कारण त्या खुर्चीवर बसून सरकारविरुद्ध बोलता आले नसते. 1924 ची बहिष्कृत हितकारिणी सभा, 1927 चा महाडचा सत्याग्रह, हे कसे झाले असते?

आम्हा गिरणीवाल्यांना तर एक गोष्ट विसरता येत नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण सांगून आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. पगार जास्त त्याच खात्यात. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. मालक खाजगी होते, पण दार बंद ठेवण्यात बरोबरचे कामगारही होते. हे सांगायला स्वतंत्र माणूसच लागतो.

मग बाबासाहेब सरकारी नोकरीच्या विरुद्ध होते काय? मुळीच नाही. त्याच 1928 मध्ये ते सरकारी लॉ कॉलेजात शिकवू लागले, 1935 मध्ये तिथे प्राचार्य झाले. 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. 1943 मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या, त्यामागे त्यांचाच रेटा होता. कामगारांचा आठवडा 48 तासांचा करण्याचे कामही त्यांच्याच कारकिर्दीतले. आणि 1951 मध्ये हिंदू कोड बिल अडले, तेव्हा कायदामंत्रीपद सोडायलाही ते डगमगले नाहीत.

म्हणून पोरांनो, सरकारी की खाजगी हा अर्धाच प्रश्न आहे. राखीव जागा त्यांनी लढून मिळवल्या, त्या जरूर घ्या. खाजगीत तसे राखीव दार नाही, तिथे अंगात हुन्नर लागतो, तो कमवा. पण नोकरी कोणतीही असो, पगारातला काही भाग पुस्तकांवर, काही भाग समाजावर खर्च झाला पाहिजे. साहेब झालो म्हणून वस्तीची वाट विसरू नये, आणि ज्या खुर्चीपायी तोंड बंद ठेवावे लागेल, ती सोडायची तयारी ठेवावी.

नमो बुद्धाय! जयभीम!